इसब हातावर, मूळ कानात?

सुरत म्हटले की आपल्याकडे लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या आठवतात. त्या साडीवरचे खडे, टिकल्या, लेस लावणारे हात कोणाचे, हा विचार सहसा मनात येत नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतल्या कित्येक बायका घरबसल्या नगावर हे काम करतात. अशाच एका भगिनीचे पत्र आले आहे. तिचे माहेर निपाणीकडचे. ती लिहिते, "दोन वर्षे झाली, बोटांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात. खाज सुटते, मग कातडी सोलून भेगा पडतात. सासूबाई म्हणतात, पीठ मळू नकोस, सगळ्यांना लागेल. आणि काम सोडले तर महिन्याचे पैसे जातात."

आधी सासूबाईंची शंका. मराठीत इसब आणि कन्नडमध्ये इसबु म्हणतात तो आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागते ती खरूज, म्हणजे कज्जी. तीही बोटांच्या बेचक्यात होते, म्हणून गोंधळ होतो. खरजेची खाज रात्री वाढते आणि घरातली इतर माणसेही खाजवू लागतात. दोन वर्षांत घरात दुसऱ्या कोणाला काही झाले नसेल, तर सुनेने खुशाल कणीक मळावी. मात्र भेगांवर ओले पीठ झोंबते, तेव्हा काही दिवस सासूबाईंनीच मळली तर बरे!

हाताच्या इसबाला कारणे अनेक असतात. सतत पाण्यात हात, साबण, भांड्याची पावडर, लसूण-कांदा हे नेहमीचे. पण बायकांमध्ये एक कारण वारंवार नजरेआड होते, ते म्हणजे निकेल धातूची ॲलर्जी. तिची सुरुवात बहुधा कानापासून होते. लहानपणी टोचलेल्या कानात स्वस्तातली कुडी घातली की घामाने त्यातले निकेल सुटते आणि ओल्या जखमेतून शरीर त्याला 'ओळखून' ठेवते. ही ओळख बहुधा जन्मभर पुसत नाही. कान चिघळला, कुडी काढली, विषय संपला असे वाटते. पुढे कित्येक वर्षांनी तोच धातू हाताशी आला की हात उठतो. तोही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून सोमवारच्या कामाचा संशय बुधवारी कोणाला येत नाही.

निकेल असते कुठे? नकली मंगळसूत्रात, बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनांत, ब्लाऊजच्या हुकात, किल्ल्यांत, जीन्सच्या बटणात, आणि मुलामा दिलेल्या कात्रीत, तिला कत्तरी म्हणा हवे तर. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदी अजिबात नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण. आपल्या वीस रुपयांच्या नाण्याची बाहेरची कडी याच जातीची, तिच्यात २० टक्के निकेल. स्टीलच्या भांड्यांतही निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले असल्याने फार थोडे सुटते. भांडी फेकून देण्याची गरज नाही. नव्या स्टीलच्या पातेल्यात चिंचेचे सार तासन् तास उकळू नये, एवढे पुरे.

युरोपात यावर कायदा आहे. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास आधी केला, मग १९९४ मध्ये युरोपीय संघाने. टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, असा आजचा नियम आहे. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींत ही ॲलर्जी कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, निकेलबद्दल काही सांगत नाही. नातीचे कान टोचताना निदान पहिली तार शुद्ध सोन्याची घालायची जुनी रीत, माझ्या मते, मोडू नये.

आता त्या भगिनीचा खरा प्रश्न: काम सोडायचे का? तपासणीआधी मुळीच नाही. दोष कात्रीचा असेल, खडे चिकटवायच्या गोंदाचा असेल किंवा नुसत्या भांडी घासण्याचाही असेल. यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात आणि दुसऱ्या व चौथ्या दिवशी त्वचा पाहतात. सुरतेत नवी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयाच्या त्वचा विभागात चौकशी करावी. निकेलची खूण उमटली तरी हाताचा इसब त्यामुळेच, असे लगेच ठरत नाही. हातात रोज काय येते ते डॉक्टरांना सांगावे लागते.

तोवर दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणू नये. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते, कातडी पातळ होते आणि आजाराचे रूप बदलते. डॉक्टरांनी दिले तर ठरल्या दिवसांपुरतेच लावावे. हात धुतल्यावर दर वेळी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे. भांड्यांना आत सुती आणि वर प्लास्टिकचे हातमोजे घालावेत. कात्रीच्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळावी, बांगडीतल्या पिना आजच काढाव्यात. काजू, चॉकलेट, डाळी यांत निकेल असते, पण पथ्य सगळ्यांना लागत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डाळ बंद करू नये.

तपासणीला जाताना कात्री आणि गोंदाची ट्यूब पिशवीत घालून न्यावी. पट्ट्या लावल्यावर शेवटची पाहणी होईपर्यंत पाठीला पाणी लागू द्यायचे नाही, तेव्हा सण-समारंभ नसलेला आठवडा निवडावा.