जरा तुझ्या पर्समध्ये टाक ना

घारापुरीच्या मुख्य लेण्यात सदाशिवाची ती त्रिमुखी मूर्ती आहे. सुमारे वीस फूट उंच. मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, इतकं शांत की त्याच्यापुढे माणसाने निदान पाच मिनिटं तरी गप्प उभं राहावं. मी उभी राहिले, आणि त्या भेटीतलं मला आज काय आठवतं? माझा उजवा खांदा. पट्टा रुतून तिथे आग होत होती. मुकुटावरची नक्षी बघायला मान वर केली की मानेतून कळ निघायची. दोन मिनिटांत मी मूर्तीकडे पाठ फिरवली आणि टेकायला जागा शोधली. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून मनात धरून ठेवलेली मूर्ती एका पर्सने माझ्याकडून काढून घेतली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तो जानेवारीतला रविवार होता. पुण्याहून सव्वासातला दख्खनची राणी पकडून आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतरलो. समोरच्या फुटपाथवरून स्टेशनची इमारत पाहिली, मग चालत हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे. तिथून तासाभराची लाँच. धक्क्यापासून वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या. आणि दर थोड्या वेळाने एकच वाक्य माझ्या कानावर येत होतं. ‘अगं, जरा तुझ्या पर्समध्ये टाक ना.’ पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर पॉवर बँक आली. हुतात्मा चौकात चष्म्याचं घर आलं. गेटवेला मुलाची बाटली आली, लाँचवर सासूबाईंची शाल. माझ्या नवऱ्याच्या पँटला चार खिसे आहेत आणि शर्टाला एक. ते पाचही खिसे दिवसभर मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी मी ती पर्स जशीच्या तशी पुन्हा भरली, बाटल्यांमध्ये पाणीसुद्धा घातलं, आणि काट्याला लावली. सव्वापाच किलो. लिटरच्या दोन स्टीलच्या बाटल्या मिळून दोन किलो सातशे ग्रॅम. दशम्या आणि चटणीचा डबा सहाशे. पॉवर बँक आणि वायर चारशे. शाल आणि औषधं अडीचशे. पर्स नुसती रिकामी नऊशे ग्रॅम. माझं स्वतःचं म्हणावं असं सामान त्यात होतं चारशे ग्रॅम. माझं वजन बावन्न किलो आहे.

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं ठरवलं. आपल्या राज्य सरकारनेही २०१५ साली दप्तराच्या ओझ्याबद्दल शासन निर्णय काढला होता. पालक वर्षानुवर्षं ओरडले म्हणून ते झालं, आणि उत्तमच झालं. पण तेच पालक सहलीला निघाले की घरातल्या एका बाईच्या एका खांद्यावर तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं लटकवतात, दिवसभर, आणि कुणाला त्यात काही गैर दिसत नाही. मुलाच्या पाठीवर निदान दोन पट्टे असतात.

एका खांद्यावरचं ओझं शरीराचं काय करतं हे कळायला डॉक्टर लागत नाही, आरसा पुरतो. पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा कानाकडे उचलून धरतो. कणा दुसऱ्या बाजूला कलतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन् तास आवळलेला राहतो. एक हात पट्ट्यावर अडकून पडतो, म्हणजे कठडा धरायला, सासूबाईंना आधार द्यायला, लाँचमधून उतरताना तोल सावरायला एकच हात उरतो. आणि साडी नेसणाऱ्या बाईला तर खांदा बदलायचीही सोय नाही. पदर डाव्या खांद्यावर, तिथे पट्टा टिकत नाही, पिन निघते. म्हणून पर्स उजव्यालाच. आज उजव्या, उद्याही उजव्या. माझ्या आईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहायचा. ती जन्मभर शिक्षिका होती, वह्यांची पिशवी त्याच खांद्याला असायची. आम्ही तिला ‘ताठ उभी राहा’ म्हणायचो. आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

आणि तरीही बॅग निवडणं ही बायकांची हौस समजली जाते. बूट घेताना पुरुष दुकानात चार पावलं चालून बघतो, अंगठा कुठे लागतो ते तपासतो, त्याला कुणी हौस म्हणत नाही. बॅग घेताना मात्र बाईला आरशापुढे उभं करतात. ‘मॅडम, ड्रेसवर छान दिसते.’ दुकानदाराने आजवर एकदा तरी ‘मॅडम, यात काय काय भरणार?’ असं विचारलंय का? मी गेल्या दिवाळीआधी सात दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, ही रिकामी बॅग किती ग्रॅमची आहे? सातपैकी एकालाही सांगता आलं नाही. चिठ्ठीवर किंमत होती, रंगाचं नाव होतं, वजन नव्हतं. अंगावर दहा तास वागवायची वस्तू विकायला ठेवायची आणि तिचं वजन माहीत नसायचं, हा निव्वळ बेपर्वापणा आहे. पितळेच्या कड्या, साखळीचा पट्टा, खालची चार धातूची बटणं, जाड अस्तर, या सगळ्याचं ओझं गिऱ्हाईक विकत घेतं आणि मग पाण्याच्या बाटलीला दोष देतं.

त्यातच आता भीती विकायला काढली आहे. चोरीपासून सुरक्षित म्हणून कापता न येणारी जाळी, लपवलेली चेन, आकड्यांचं कुलूप. या सगळ्याचं वजन होतंच, शिवाय तिकीट काढायला तीन कुलपं उघडायची. मुंबईच्या लोकलमध्ये रोज प्रवास करणाऱ्या बाईला विचारा. गर्दी आली की ती सॅक पुढे घेते, पोटावर. चेन अंगाच्या बाजूला ठेवते. पैसे आतल्या कप्प्यात. या सवयीला एक रुपया पडत नाही आणि ती कुलपापेक्षा जास्त उपयोगी आहे.

सहल कंपन्यांकडून भेट मिळणाऱ्या पिशव्यांबद्दलही सांगते, कारण निम्मी मंडळी तीच घेऊन फिरतात. फुकट मिळाली म्हणून. पातळ नायलॉन, सुतळीसारखे पट्टे, पाठीला गादी नाही, आणि पाठभर कंपनीचं नाव. ती त्यांची जाहिरात आहे. तिचा तुमच्या पाठीशी काही संबंध नाही. घरी भाजी आणायला वापरा.

आपल्याकडे ओझं वाहण्याचं शहाणपण नव्हतं असंही नाही. पडशी बघा. एकच लांब पिशवी, दोन तोंडांची, अर्धी छातीवर, अर्धी पाठीवर, खांद्याच्या पुढे-मागे सारखा भार. कावडही तशीच, दोन बाजूंना दोन भांडी. ज्यांना रोज कोसभर चालायचं होतं त्यांनी भार दोन्हीकडे वाटला. आपण शहरात आलो, शिकलो आणि एका बाजूला लटकवायला लागलो, कारण तशी फॅशनची चित्रं पाहिली. शबनमसुद्धा मला सोडायची नाही. खादीची म्हणून तिला किती मान! त्यात एक पातळ पुस्तक आणि चष्मा ठेवा, खुशाल मिरवा. पाण्याची बाटली टाकली की ती मांडीवर आपटत राहते आणि तिचा पट्टा मानेत शिरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. शहर बघायला निघताना दोन पट्ट्यांची छोटी सॅक घ्यावी, दहा-बारा लिटरची. पंधराच्या वर तर मुळीच नाही, कारण जागा दिसली की घरचे ती भरतातच. रिकामी अर्ध्या किलोच्या आत. पट्टे तीन बोटं रुंद तरी हवेत आणि आत मऊ भर हवी. पट्टे इतके आवळावेत की बॅग पाठीला चिकटून राहील आणि तिचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही. भार पाठीपासून जितका लांब, तितका तो खांदे मागे ओढतो, हे कॉलेजच्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं. बाटलीचा खिसा बाहेर, बाजूला हवा, नाहीतर प्रत्येक घोटासाठी बॅग उतरवावी लागते आणि माणूस पाणीच पित नाही. आणि बाटली आतल्या आत सांडली की फोन गेला. छातीवरची आडवी पट्टी बऱ्याच सॅकना अशा जागी असते की जणू बायका चालतच नाहीत. ती वर-खाली सरकते का ते दुकानात बघा, सरकत नसेल तर ती बॅग परत ठेवा. पावसाळ्यात मुंबईत जाणार असाल तर ‘पाणी अडवणारं कापड’ या शब्दांवर विसंबू नका, पाणी चेनमधून शिरतं. प्लॅस्टिकची एक साधी पिशवी आत असू द्या.

आणि दुकानात जाताना घरून भरलेल्या दोन बाटल्या घेऊन जा. त्या बॅगेत ठेवा आणि दहा मिनिटं चाला, जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

साडीवर सॅक शोभत नाही, असं मला माझ्याच वयाच्या बायका सांगतात. कुणाला शोभत नाही? बघणाऱ्याला. खांदा कुणाचा दुखतो? बघणाऱ्याचा नव्हे. पदर खोचा, पिन लावा, वरून सॅक घाला. शोभेसाठी आपण नाक टोचलं, टाचा उंचावल्या, आता खांदाही द्यायचा का?

माझा खरा वाद मात्र बॅगेच्या कापडाशी नाही. उत्तम सॅक घेतली आणि ती चौघांची म्हणून एकीच्याच पाठीवर राहिली तर काहीही बदललं नाही, फक्त ओझं जास्त मावायला लागलं. माणशी एक बॅग हा नियम हवा. ज्याला तहान लागते त्याची बाटली त्याच्याजवळ. ज्याचा फोन दुपारी संपतो त्याची पॉवर बँक त्याच्याजवळ. आठ वर्षांचं मूल शाळेत दप्तर नेतं, ते सहलीत स्वतःचं पाणी नेऊ शकतं. ज्येष्ठांचं सामान वाटून घ्यावं, आणि वाटून घेणाऱ्यांत मुलगाही असावा, फक्त सून नव्हे. ‘तुझ्याकडे पर्स आहेच ना’ हे कारण होऊ शकत नाही. पर्स आहे, कारण माझ्या कुडत्याला तुम्ही खिसा शिवत नाही.

शहरांनाही या ओझ्याचा जाब विचारायला हवा. दिवसाच्या बॅगेतला निम्मा भार पाण्याचा असतो. तो का वाहावा लागतो? रोममध्ये १८७४ पासून रस्तोरस्ती वाहत्या पाण्याचे नळ बसवले गेले. आज तसे सुमारे अडीच हजार आहेत, लोक त्यांना नाझोनी म्हणतात. तिथे अर्ध्या लिटरची रिकामी बाटली खिशात असली तरी दिवस निघतो. मुंबईतही दानशूरांनी पाणपोया बांधल्या होत्या. मशीद बंदरजवळच्या भात बाजारातली केशवजी नायकांची पाणपोई १८७६ ची आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या शहराला कळत होतं की चालणाऱ्याला पाणी लागतं. आज सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत चालताना मला विश्वासाने ओंजळ धरावी असा एक नळ भेटला नाही. विकतच्या बाटल्या जागोजागी. त्यात बायका पाणी कमी पितात ते वेगळंच, कारण पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे आणि कसं आहे याचा भरवसा नसतो. तरीही सगळ्यांसाठी पाणी वाहतात त्याच.

परदेशी निघालेल्यांना लहान बॅगेचं महत्त्व दारावरच कळतं. व्हॅटिकनच्या संग्रहालयात ४० बाय ३५ बाय १५ सेंटिमीटरहून मोठी बॅग आत नेता येत नाही, जमा करावी लागते. अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक यांच्या घरात तर ए-फोर कागदाहून मोठी बॅग चालतच नाही. ऑफिसची लॅपटॉपची सॅक पाठीवर टाकून युरोप बघायला निघणाऱ्यांनी निदान एवढं मोजून जावं. लॅपटॉपची सॅक दिवसभर चालण्यासाठी शिवलेलीच नसते.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा घारापुरीला गेलो. चार जणांच्या तीन सॅक, सासूबाईंच्या हातात फक्त काठी. त्यांची शाल आणि औषधं त्यांच्या मुलाने घेतली. खाण्याचे डबे चेन लावून आत ठेवले, कारण तिथली माकडं हातात पिशवी दिसली की झडप घालतात. माझ्या पाठीवर पाण्यासकट दोन किलो होते. यावेळी मी मूर्तीपुढे बराच वेळ होते. आपल्या डाव्या हाताला जे उग्र मुख आहे त्याच्या हातातला नाग मला पहिल्यांदाच नीट दिसला, आणि उजवीकडच्या सौम्य मुखापाशी धरलेलं कमळही. सासूबाई शेजारी खांबाला टेकून उभ्या होत्या. दोघींपैकी कुणीच काही बोललो नाही.

परतताना धक्क्यावर मुलाने सवयीने रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही. त्याने ती स्वतःच्या सॅकच्या बाजूच्या खिशात खोचली आणि लाँचकडे चालू लागला.