धुराड्याची टोपी

घराच्या छपरावर सर्वांत उंच बसणारी आणि घरच्या मंडळींनीं सर्वांत कमी पाहिलेली वस्तु कोणती, असें कोणीं विचारल्यास धुराड्याची टोपी हेंच उत्तर द्यावें लागेल. ती एकदां बसविली म्हणजे गंज चढून खालीं पडेपर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं. गेल्या महिन्यांत आम्ही या सदरांत विहिरीच्या रहाटाविषयीं लिहिलें होतें. या महिन्यांत विहिरींतून वर येऊन थेट छपरावर चढण्याचा बेत आहे.

आतां घरोघर गॅस आला, मग धुराड्याची उठाठेव कशास, असें पुण्यामुंबईकडील वाचक म्हणतील. गॅस आला हें खरें. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेपासून तर तो खेड्यांतील झोंपडीपर्यंत पोंचला. तथापि आमच्या कोंकणांतील न्हाणीघरांत चूल अद्याप धडधडत आहे. बागेंत पडणाऱ्या झावळ्या, सोडणें, करवंट्या यांचें करावयाचें काय? शिवाय लहानमोठीं चौदा माणसें ज्या घरांत आहेत, तेथें स्नानाच्या पाण्यासाठीं गॅस जाळणें कोणाहि गृहस्थाच्या जिवावर येतें. म्हणून स्वयंपाकघरांतून निघालेली चूल न्हाणींत जाऊन बसली आहे, आणि तिच्याबरोबर धुराडेंहि.

आमच्या घरीं पांच वर्षांपूर्वीं एक गोष्ट घडली. ती आमच्या अभिमानाची नाहीं, तरी सांगणें अवश्य आहे. त्या वर्षीं धुराड्याची जुनी टोपी गंजून गेली, म्हणून पावसाळ्यापूर्वीं आम्ही नवी करविली. आमच्याकडे वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां पाण्याचा थेंबहि आंत येतां कामा नये, अशी ताकीद आम्ही पत्र्याचें काम करणाऱ्या कारागिरास दिली. तो बिचारा म्हणाला, "गुरुजी, फट थोडी जास्त ठेवूं या." आम्ही म्हणालों, "बोटभर पुरे." मागें एकदां साळुंकीनें धुराड्यांत घरटें केलें होतें, म्हणून फटीभोंवतीं खिडकीस लावतात ती डांसांची बारीक जाळीहि आम्ही गुंडाळविली. टोपी सुबक दिसत होती आणि आम्ही समाधान पावलों.

श्रावणांत धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, न्हाणींतला धूर हल्लीं मागें येतो."

आम्ही लहानपणीं वडिलांपाशीं तर्कसंग्रह शिकलेले. धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें, आणि त्यास उदाहरण स्वयंपाकघराचें द्यावें, हें तेव्हांपासून मुखोद्गत. त्याच शास्त्रांत पुढें असेंहि सांगितलें आहे कीं, अग्नि आहे तेथें धूर असलाच पाहिजे असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर व्हावयास अग्नीशीं ओल्या सर्पणाचा संयोग व्हावा लागतो. तेव्हां आम्ही बसल्या जागीं निदान केलें कीं सर्पण ओलें आहे. "माळ्यावरचें वाळलेलें घेत जा," असें सांगून आम्ही पुन्हा वर्तमानपत्रांत डोकें घातलें. सूनबाईंनीं वाळलेलें सर्पण घेतलें. धूर यावयाचा तो येतच राहिला. पण त्यांनीं पुन्हा तक्रार केली नाहीं. सुनेनें सासऱ्यास एक गोष्ट दोनदां सांगावयाची नसते, हा आमच्या घरांतून न लिहिलेला नियम आहे, आणि त्याचा दोष सुनांकडे नाहीं.

नरकचतुर्दशीस पहांटे चार वाजतां सूनबाई पाणी तापवावयास गेल्या. गारठा होता, म्हणून दार लावून घेतलें. सर्व मंडळींच्या अभ्यंगस्नानाचें पाणी म्हणून जाळ मोठा केला. पाऊण तासानें आमचें कुटुंब उटण्याची वाटी घेऊन गेलें, तों सूनबाई दाराशीं भिंतीस टेंकून बसलेल्या. डोकें फुटल्यासारखें दुखत होतें, मळमळ होती, उभें राहतां येईना. त्यांस उचलून अंगणांत आणलें, मोकळ्या हवेंत निजविलें आणि डॉक्टरांस बोलावलें. ते म्हणाले कीं, आणखी थोडा वेळ गेला असता तर प्रसंग निराळा होता. कोंडलेल्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यास हा वायु प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि तरीहि गुदमरत असतो.

दुपारीं थोरल्या मुलानें शिडी लावून टोपी काढली. जाळी काजळीनें इतकी लिंपली गेली होती कीं तींतून पलीकडचें आभाळ दिसेना. आमचें कुटुंब एवढेंच म्हणालें, "अहो, तुम्ही एक दिवस तरी त्या चुलीपुढें बसला होतां का?" तर्कसंग्रहांत या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं.

तेव्हांपासून आम्ही या विषयाचा जो विचार केला, तो वाचकांपुढें ठेवतों. धुराड्याचें कार्य सोपें आहे. तापलेली हवा हलकी होऊन नळांतून वर चढते, आणि तिची जागा भरावयास खालून नवी हवा चुलींत शिरते. नळ जितका उंच व आंतून जितका उष्ण, तितकी ही ओढ अधिक. टोपी ओढ वाढविण्यासाठीं नसते. पाऊस, पक्षी, वाऱ्याचा उलटा झोत आणि उडणाऱ्या ठिणग्या यांस अटकाव करणें हेंच तिचें काम. तें करतांना तिनें धुरास अटकाव करूं नये, यांत सर्व मर्म आहे.

आतां थोडें गणित. नळ ४ इंच व्यासाचा असेल तर त्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें १२॥ चौरस इंच होतें. टोपी व नळ यांमधील फट १ इंच ठेविली, तर सभोंवारची मोकळी जागाहि बरोबर तितकीच होते. म्हणजे व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी फट ही केवळ बरोबरी झाली, तींत जाळीच्या तारा किंवा काजळी यांस वाव नाहीं. आमची बोटभर फट पाऊण इंचाची, आणि वर बारीक जाळी! शाळेंत मुलांकडून वर्तुळाचीं क्षेत्रफळें घोटून घेणाऱ्या माणसानें हें करावें, याची लाज वाटते. फट व्यासाच्या निम्मी, म्हणजे ४ इंची नळास २ इंच, असावी. टोपीचा व्यास नळाच्या दुप्पट, म्हणजे ८ इंच, ठेवावा. त्यायोगें टोपी चोहोंकडे २ इंच पुढें येते आणि ४५ अंशांच्या कोनांत येणारी सरहि नळांत शिरत नाहीं. याहून तिरक्या वादळी पावसाचे चार थेंब आंत गेलेच, तर नळाच्या तळाशीं काढघाल करतां येईल असें झांकण असावें. तेथून पाणी व काजळी दोन्ही काढतां येतात.

जाळीचीं छिद्रें ३/८ इंचाहून लहान नसावींत व १/२ इंचाहून मोठीं नसावींत. लहान असलीं तर काजळीनें बुजतात, मोठीं असलीं तर ठिणगी बाहेर जाते आणि चिमणी आंत येते. आपल्या भाषेनें धुराड्यास व पक्ष्यास एकच नांव दिलें आहे, म्हणून दोघांनीं एका घरांत रहावें असें नव्हे. ज्यांच्या गोठ्यावर पेंढा रचलेला असतो, त्यांनीं तर जाळीवांचून टोपी बसवूंच नये.

धातूविषयीं सांगावयाचें तर, तेलाच्या डब्याचा पत्रा एकदोन पावसाळ्यांचा सोबती. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा त्याहून बरा, पण काजळी व पाणी मिळून जो आंबट रस होतो, तो त्यास खातो, आणि समुद्रकांठीं खारा वारा त्यांत भर घालतो. स्टेनलेस स्टीलची टोपी प्रथम महाग वाटते, तरी शेवटीं तीच स्वस्त पडते. जुन्या धुराड्यांस ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ असतात. त्यांचे तंतु श्वासावाटें गेल्यास कर्करोग होऊं शकतो, म्हणून ते घरीं कापूं अगर घांसूं नयेत. वाऱ्यानें गरगर फिरणाऱ्या टोप्याहि मिळतात. त्या पाहण्यास मौजेच्या, परंतु आमच्या खाऱ्या हवेंत त्यांचा आंस लवकर अडकतो. साधी, न फिरणारी टोपी पुरेशी आहे. मात्र ती तीन पायांवर बसवून स्क्रूनें आंवळावी, रिव्हेट मारूं नये. जी टोपी काढतां येत नाहीं, ती कोणी साफ करीत नाहीं.

टोपी उत्तम असूनहि धूर मागें येत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. अमेरिकेचे प्रसिद्ध मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८५ सालीं समुद्रप्रवासांत धुरकट धुराड्यांविषयीं एक लांबलचक पत्र लिहिलें आणि त्यांत नऊ कारणें मांडलीं. पहिलें कारण हें कीं, खोली इतकी बंदिस्त असते कीं चुलीस हवाच मिळत नाहीं. आमच्या न्हाणीचें लावलेलें दार हेंच सांगत होतें. दाराखालीं अगर भिंतींत झरोका असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट उंचीची. थंड देशांतील बांधकामाचा सर्वसाधारण नियम असा आहे कीं, धुराडें छपरांतून जेथें निघतें तेथून तें ३ फूट तरी वर असावें, आणि १० फुटांच्या आंतील कोणत्याहि भागाहून २ फूट उंच असावें. नाहींतर आढ्यावरून येणारा वारा धुरास खालीं लोटतो.

आतां निगा. वर्षांतून दोन वेळां टोपी उतरावी, एकदां अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, पावसापूर्वीं, आणि एकदां दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधीं. चूल आदल्या दिवसापासून थंड असावी. चुलीच्या तोंडावर ओलें गोणपाट टाकावें, नाकातोंडास फडकें बांधावें. जाळी तारेच्या ब्रशानें घांसावी. दोरीस काथ्याचा बोळा व खालीं वजन बांधून तो नळांतून दोनचार वेळां वरखालीं ओढावा. आंत डांबरासारखा चकचकीत थर दिसला तर तो ओल्या सर्पणाचा असतो आणि पेटहि घेतो. तो राहूं देऊं नये. सर्व झाल्यावर चूल पेटवून तोंडाशीं जळती उदबत्ती धरावी. तिचा धूर आंत वळला तर ओढ ठीक, खोलींत पसरला तर पुन्हा शिडी लावावी. शिडी धरण्यास खालीं एक माणूस असावा. ओल्या कौलांवर म्हाताऱ्यांनीं पराक्रम करूं नये.

शहरांतील वाचकांसहि यांतून घेण्यासारखें आहे. स्वयंपाकघरांतील विजेच्या चिमणीचा नळ भिंतीबाहेर जेथें निघतो, तेथील झडप तेलकटपणानें चिकटते व पारवे तेथें काड्या आणतात. आणि बंद न्हाणीघरांतील गॅसच्या बंबानें तोच वासरहित वायु कोंडून माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों.

आपल्या देशांत या विषयाचा विचार झाला नाहीं, असें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत बिनधुराच्या चुलीचे प्रयोग झाले आणि 'मगन चूल' हें नांव सर्वत्र गेलें. १९८३ सालीं सरकारनें सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. खेडोपाडीं चुली बसल्या, नळहि उभे राहिले. परंतु नळ साफ कोणीं करावयाचा, हें न ठरल्यानें त्यांतील पुष्कळ चुली निकामी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील कित्येकांच्या घरीं कोणीतरी एकदां म्हणालें असेल कीं धूर मागें येतो, आणि दुसऱ्या कोणीं सांगितलें असेल कीं सर्पण वाळलेलें घ्या.

आमच्या घरीं आतां नियम असा आहे कीं, टोपी उतरविण्याच्या दिवशीं घरांतील प्रत्येक पुरुषानें चुलीपुढें बसून एक हंडा पाणी तापवावें. पहिल्या वर्षीं नातवंडें हंसलीं. यंदां दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमची पाळी होती. पाणी तापलें आणि डोळ्यांस पाणी आलें नाहीं. सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं झरोका उघडा आहे कीं नाहीं तें पाहिलें आणि म्हणाल्या, "आतां ठीक आहे, मामंजी." आजपर्यंत आम्ही पुष्कळांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्या दिवशीं आमची तपासली गेली.