निविदेत हरवलेले चार टक्के

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

दिव्यांगांची निवेदने आपल्या मंत्रालयाला नवी नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये रेल्वे भरतीतले दिव्यांग उमेदवार दिल्लीत मंडी हाउसपाशी रस्त्यावर बसले होते. हे निवेदन पूर्णेचे.

पूर्णा जंक्शन आपल्या नकाशावर आहेच. मीटरगेजच्या काळात इथे इंजिनांची शेड होती आणि गावाची चूल रेल्वेवर पेटायची. पुढे गेज बदलले, विभागाचे मुख्यालय २००३ मध्ये नांदेडला थाटले गेले, २००८ मध्ये अकोल्याचा मार्गही ब्रॉडगेज झाला. रेल्वेवरची ती चूल विझत गेली, हे दुःख साऱ्या गावाचे. दिव्यांगांचे वेगळे आहे.

त्यांच्यासाठी सरकारने एक काम राखले होते: एसटीडी बूथ. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारे मीटर, स्टुलावर बसलेला चालक आणि बाहेर त्याची तीनचाकी. बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य असे. २००३ मध्येच मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि ती काचेची खोली काही वर्षांत रिकामी पडली. मोबाइल येऊ नये असे कुणीच म्हणत नाही. पण एक काम गेले तर त्याच्या जागी दुसरे कोणते राखायचे, हा प्रश्न कोणत्याही सरकारला पडला नाही.

उरली सरकारी नोकरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३४ सांगते की सरकारी आस्थापनेतल्या किमान ४ टक्के जागा दिव्यांगांच्या. रेल्वेने २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, १,०३,७६९ जागा काढल्या. चार टक्क्यांच्या सरळ हिशेबाने त्यातल्या ४,१५० दिव्यांगांच्या. अर्ज आले एक कोटीहून जास्त आणि परीक्षा सुरू व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडला. जानेवारी २०२५ च्या जाहिरातीत जागा उरल्या ३२,४३८. त्याच हिशेबाने १,२९७. कायद्यातली टक्केवारी जागची हललेली नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

स्टेशनवरचे काम थोडेच कमी झाले? फलाट रोज झाडला जातो, पार्किंगच्या पावत्या फाडल्या जातात. फक्त ते करणारी माणसे आता ठेकेदाराची आहेत. ठेकेदार खासगी, म्हणून त्याला कलम ३४ लागत नाही, कलम ३५ लागते. त्यात आकडा ५ टक्के, म्हणजे सरकारपेक्षा एकाने जास्तच! फरक इतकाच की तो बंधनकारक नाही. सरकारने ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ मालकांना प्रोत्साहन द्यायचे आहे, बस्स. रेल्वेने काम ठेक्याने दिले की दिव्यांगाचा हक्क त्या निविदेच्या कागदातच विरून जातो. हे आपल्या अधिकाऱ्यांना कळत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

तिकीट यंत्राचेच घ्या. पडद्यावर बोट लावून प्रवाशाला तिकीट काढून द्यायचे, हे बसून करण्याचे काम. पायाने अधू पण बारावी झालेला पूर्णेचा मुलगा ते सहज करील. रेल्वे मात्र या कामासाठी प्राधान्य देते आपल्याच निवृत्त कर्मचाऱ्यांना, ज्यांच्या खात्यावर दरमहा पेन्शन जमा होते.

२०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील दिव्यांगांपैकी कामावर असलेले फक्त २२.८ टक्के. बाकीच्यांत जे पात्र ठरतील त्यांनी राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेची वाट पाहायची. परवापरवापर्यंत महिना दीड हजार मिळत, २०२५ मध्ये ते अडीच हजार झाले. लेव्हल-१ चा मूळ पगार १८,०००. या दोन आकड्यांमधले अंतर पूर्णेतला दिव्यांग रोज मोजतो. तिकिटावर आपण त्याला ७५ टक्क्यांपर्यंत सवलत देता, त्याबद्दल आभार. पण त्याने प्रवास करून जायचे कोणत्या कामावर?

पूर्णेचे नाव नूतनीकरणाच्या ‘अमृत भारत’ स्थानकांच्या यादीत आहे. रॅम्प होईल, लिफ्ट बसेल. त्या रॅम्पवरून येणारा दिव्यांग आपल्याला प्रवासी म्हणून चालतो, कामगार म्हणून चालत नाही.

मागणी नव्या कायद्याची नाही, एका वाक्याची आहे. सफाई, पार्किंग, स्टॉल, तिकीट यंत्र, जे काम ठेक्याने किंवा एजंटाकडे जाईल त्याच्या निविदेत किंवा करारात लिहा: कामावरच्या माणसांत किमान ४ टक्के दिव्यांग असतील, नसतील तर बिल अडेल. सुरुवात पूर्णेपासून करा, आणि स्टेशनच्या पुढच्या निविदेत ती अट दिसू द्या.

कळावे,
पूर्णेकर