कार्ड हाती, पण यादीत नाव?

मतदान हा नागरिकाचा सर्वश्रेष्ठ अधिकार आहे, हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत सभांतून ऐकू येते आणि भिंतींवर वाचावयास मिळते. परंतु मतदान केंद्राच्या दारात हा अधिकार नेमका कशाच्या आधारे सिद्ध होतो, याची जाण सुशिक्षितांनाही क्वचितच असते. वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या गावात या अज्ञानाची किंमत मोजावी लागते ती मुख्यतः मजुराला, म्हातारीला आणि नव्याने सासरी आलेल्या सुनेला.

मतदानाचा अधिकार मिळतो तो मतदार यादीतील नावामुळे, ओळखपत्रामुळे नव्हे. कार्ड एवढेच सांगते की, यादीतील व्यक्ती ती हीच. म्हणूनच कार्ड आहे पण यादीत नाव नाही, त्याला मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे पण कार्ड हरवले, त्याने घरी बसण्याचे कारण नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने पर्यायी म्हणून बारा कागदपत्रे मान्य केली होती. आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बँकेचे वा टपाल खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक, वाहन परवाना, पॅन कार्ड, पारपत्र, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सरकारी नोकरीचे ओळखपत्र, दिव्यांगांचे ओळखपत्र ही त्यांपैकी काही. शिधापत्रिका आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र त्या यादीत नव्हते, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. घरोघर वाटली जाणारी मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ती केवळ केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. पुष्कळ मतदार मात्र आजही तेवढीच हाती घेऊन रांगेत उभे राहतात.

ओळखीचा हा प्रश्न जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. १९६० साली कलकत्त्यातील एका पोटनिवडणुकीत छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचा प्रयोग झाला. पुष्कळ स्त्रियांनी छायाचित्र काढून घेण्यास नकार दिल्याने तो पुढे गेला नाही. पुढे १९९३ साली टी. एन. शेषन यांनी ओळखपत्राचा आग्रह धरला, तेव्हा कोठे ही व्यवस्था रुजली. दुसऱ्याच्या नावावर मत टाकले जाते, तेव्हा बहुधा दुर्बलाचेच मत चोरीस जाते. तेव्हा ओळख मागणे गैर नाही. ती मागितली जाणार आहे, हे वेळेवर न कळणे गैर आहे.

स्त्रियांची अडचण तर आजही संपलेली नाही. मुलगी सासरी येते. नाव व आडनाव बदलते. यादीतील नाव मात्र माहेरीच राहते. अशा वेळी नमुना ८ भरून स्थलांतराची व दुरुस्तीची नोंद करावी लागते. प्रथमच नाव नोंदविणाऱ्यासाठी नमुना ६ आहे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेस अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यास नोंदणी करता येते. उमेदवारी अर्जांची मुदत उलटल्यावर मात्र यादीत नाव घातले जात नाही; मतदानाच्या सकाळी धावपळ करून काही साधत नाही.

केंद्रावर वाद उद्भवलाच तर नियम मतदाराच्या बाजूनेही आहेत. कार्डावरील किरकोळ लेखनदोषाकडे, ओळख पटत असेल तर, दुर्लक्ष करावे असे आयोगाचे निर्देश आहेत. प्रतिनिधीने ओळखीवर आक्षेप घेतला, तर त्याला दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष चौकशी करून निर्णय देतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल, तर ओळख पटविणाऱ्याला प्रदत्त मतपत्रिका मागता येते. हे ठाऊक नसलेला माणूस खाली मान घालून परत फिरतो, आणि त्याच्या परतण्याची नोंद कोठेच होत नाही.

येथेच शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचे कर्तव्य येते. केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून यादी सांभाळणारे आणि मतदानाच्या दिवशी टेबलाशी बसणारे बहुधा याच वर्गातले असतात. त्यांनी निवडणुकीच्या बऱ्याच आधी एका संध्याकाळी चावडीवर यादी मोठ्याने वाचून दाखविली, तर कोणाचे नाव आहे, कोणाचे गळाले, मृताचे कोणते राहिले, हे गावच सांगेल. प्रत्येक निवडणुकीपूर्वी मान्य कागदपत्रांचा ताजा आदेशही तेथेच वाचावा. जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याचा आदेश वेगळा असतो.

मत कोणाला द्यावे हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मत देण्यास निघालेल्या शेजाऱ्याला दारातून परत फिरावे लागू नये, एवढे पाहणे प्रत्येक साक्षराला शक्य आहे.