कर गॅसवर, साखर मोकळी



गोड थंड पेयांना लगाम घाला असे आम्ही म्हटले, की बैठकीत सवाल येतो: कापसाच्या एकाधिकार खरेदीविरुद्ध, उसाच्या झोनबंदीविरुद्ध लढलेली माणसे आता बाटलीवर बंदी मागणार काय? सवाल रास्त आहे. आम्ही बंदी मागत नाही. १९७७ साली सरकारच्या अटी नाकारून कोकाकोला देशातून गेली. तिच्या जागी थम्स अप आले. १९९३ साली कोकाकोला परतली आणि तिने थम्स अपच विकत घेतले. कंपनी गेली, आली. साखर होती तिथेच राहिली.

तीनशे मिलीच्या कोलात तीस ग्रॅमच्या वर साखर असते. वरून घातलेली साखर मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर बरे, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. शिवाय भाकरी खाल्ली की पोट पुरे म्हणते, बाटलीने म्हणत नाही.

मग सरकारने काय केले? गॅसच्या पेयांवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. बेरीज तीच. साखर नसलेल्या गॅसच्या बाटलीलाही ४०! आणि फळांच्या रसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, गॅस नसलेल्या गोड पेयांचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. मग कंपनीने साखर कमी का करावी? ब्रिटनने २०१८ पासून साखरेच्या ग्रॅमवर कर लावला. शंभर मिलीत पाच ग्रॅमच्या आत असेल तर माफी. अनेक कंपन्यांनी मुकाट साखर उतरवली. मेक्सिकोत २०१४ साली लिटरमागे एक पेसो कर लावला, तिथे खरेदी घटली. आमची मागणी एवढीच: कर ग्रॅमवर लावा. ज्याला प्यायचे त्याने खुशाल प्यावे.

साखर कारखानदारांना आता शेतकऱ्याचा कळवळा येईल. उसाची एफआरपी केंद्र सरकार साखर उताऱ्यावर ठरवते, कोलाच्या खपावर नाही. आणि आम्हा कोरडवाहूंच्या ज्वारीचा भाव पडतो तेव्हा हा कळवळा कुठे असतो?

पोरांची गोष्ट मात्र वेगळी. शाळेच्या उपाहारगृहात असले पदार्थ नकोत, असे राज्य सरकारने २०१७ साली काढले. आमच्या जिल्हा परिषद शाळांना उपाहारगृह कुठले? फाटकासमोर टपरी असते. २०२० च्या केंद्राच्या नियमात फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत मनाई आहे, पण मोजतो कोण? आणि उन्हाळ्यात शाळेची टाकी कोरडी असताना पोराने बाटली घेतली, तर त्याला कोणत्या तोंडाने रागवायचे?

जिल्हा बैठकीला येताना आपल्या शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत टेप लावून अंतर लिहून आणा. टाकीत पाणी किती दिवस होते, तेही लिहा.