‘नैसर्गिक’ क्रीमचीही ॲलर्जी!

त्वचेच्या ॲलर्जीचा धडा पुण्याला एका तणाने दिला. १९५५च्या सुमारास शहरात ठळकपणे नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने चेहरा, मान आणि हातांवर खाज सुटून पुरळ उठणारे रुग्ण डॉक्टरांकडे येऊ लागले. या गवतातील पार्थेनिन हे त्यामागचे प्रमुख कारण. हे गवत सूर्यफुलाच्या कुळातले. कॅमोमाइल आणि अर्निका याच कुळातल्या. त्यांचे अर्क ‘नैसर्गिक’ क्रीममध्ये वापरले जातात आणि गाजरगवताची ॲलर्जी असलेल्या काहींना तेही बाधू शकतात.

अर्थात, दोष केवळ वनस्पतींचा नाही. क्रीममधील सुगंधी द्रव्ये आणि ती टिकवणारी रसायने हे नेहमीचे संशयित. त्यापैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे रसायन लावून ठेवायच्या क्रीममध्ये वापरण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली आहे.

ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. आधी शरीर त्या घटकाला ‘ओळखते’. त्यामुळे महिनोन्‌महिने वापरलेले क्रीमही अचानक बाधते. पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते आणि दोष उन्हाला किंवा खाण्याला दिला जातो. नेमका घटक शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ करतात. संशयित घटकांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवून नंतर त्वचा तपासली जाते.

घटक सापडला, की तो टाळणे हाच खरा उपाय. त्यासाठी वेष्टनावर त्याचे नाव हवे. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार घटकांची यादी छापावी लागते. पण ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीमच्या पॅकला त्यातून सूट आहे. म्हणजे परवडते म्हणून किंवा आधी वापरून पाहू म्हणून घेतलेल्या छोट्या ट्यूबवर यादी नसू शकते. शिवाय सुगंधाची अनेक रसायने एकाच ‘परफ्यूम’ शब्दाखाली झाकली जातात. चाचणीतून मिळालेली माहिती दुकानात निरुपयोगी ठरते, ती इथे. ही सूट आता रद्द व्हायला हवी.

तोवर यादी नसलेले क्रीम ॲलर्जी असणाऱ्यांनी टाळावे. नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावे. पुरळ उठल्यास ते बंद करावे आणि डॉक्टरांकडे जाताना वेष्टन सोबत न्यावे.