झाडाचा अ‍ॅव्हरेज किती?

आमच्या कॅन्टीनमधला हा जुना वाद. मित्राचं म्हणणं, "कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खाणं. तो वाढला तर जंगलं फोफावतील, वर पाणीही कमी पितील. तुम्ही उगाच बोंब मारता." या वेळी त्याने लिंकसुद्धा पाठवली. गंमत म्हणजे त्यात ज्या संशोधनाचा हवाला दिलाय ते मी वाचलंय.

आधी त्याचं बरोबर आहे तेवढं मान्य करू. पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेत हा वायू वाढला की झाड दार थोडं ओढून घेतं. म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त कार्बन. आपल्या भाषेत, अ‍ॅव्हरेज सुधारला.

आणि तो खरंच सुधारलाय. पीटर फान डर स्लीन आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हिया, कॅमेरून आणि थायलंडमधल्या १२ जातींच्या सुमारे ११०० झाडांची वाढ-वलयं तपासली. लाकडातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून हा अ‍ॅव्हरेज काढता येतो. दीडशे वर्षांत तो ३० ते ३५ टक्के वाढला होता. लिंकवाले इथे वाचन थांबवतात. पण २०१५ च्या त्या पेपरचं शीर्षकच मुळी 'वाढीला चालना नाही' अशा अर्थाने सुरू होतं! झाडं जास्त वेगाने वाढल्याचं वलयांत कुठेच दिसलं नाही. गाडीचा अ‍ॅव्हरेज वाढला म्हणून ती जास्त फिरली, असं होतं का राव?

हे पाठवल्यावर मित्राचं उत्तर: "बरं, पण पाणी तर वाचलं ना?"

इथेच खरी मेख आहे. समस्थानिकांवरून निघतो तो आकडा पानाने बनवलेलं अन्न भागिले दार किती उघडं, एवढाच. प्रत्यक्ष किती लिटर पाणी गेलं ते त्यात नाही. शोरूमवाला सांगतो तो अ‍ॅव्हरेज आणि रस्त्यावर मिळतो तो, यातला फरक प्रत्येक बाइकवाल्याला माहीत असतो. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. तेवढं बाष्प हवेत आलं नाही तर दार किलकिलं असूनही ती पानातून जास्त पाणी ओढते. शिवाय बाष्पोत्सर्जन हा पानाचा घाम. तो कमी झाला की पान आणखी तापतं.

आणि समजा, वाचलं पाणी. मग? अ‍ॅमेझॉनमध्ये झाडांनी सोडलेली वाफच पुढे पाऊस होऊन पडते. एनियास सलाती यांनी १९७० च्या दशकात पावसातले समस्थानिक मोजून सांगितलं, की तिथला साधारण निम्मा पाऊस जंगलानेच परत फिरवलेला असतो. नंतरचे अंदाज कमी आहेत, पण वाटा मोठाच आहे. म्हणून हवामानाच्या मॉडेलांत पर्णरंध्रं मिटली की अ‍ॅमेझॉनचा पाऊस घटतो. (आफ्रिका-आशियाच्या काही जंगलांवर उलट वाढतो, हेही सांगायला हवं.)

म्हणजे अटलांटिकजवळच्या झाडाने वाचवलेलं पाणी हे पश्चिमेकडच्या झाडाच्या वाट्याचा पाऊस असू शकतं. सोमवारी कॅन्टीनमध्ये मित्राला विचारणार आहे, ही बचत नेमकी कुणाच्या खात्यात जमा झाली?